दुवा तपासणाऱ्यांचे पूर्वज

या शतकाच्या पहिल्या दशकात महाभारतावर लिहिलेले इंग्रजी शोधनिबंध चाळले, तर तळटीपांत एक पत्ता वारंवार भेटतो : बॉम्बे डॉट ओरिएंटल डॉट कॅम डॉट एसी डॉट यूके. केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक जॉन स्मिथ यांनी तिथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता ठेवली होती. क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी ती मुळात संगणकात भरली, स्मिथ यांनी सुधारली आणि १९९९ साल घालून भांडारकर संस्थेच्या नावाने ती अभ्यासकांसाठी खुली झाली. पुढे स्मिथ यांनी ते सगळे सामान 'बॉम्बे डॉट इंडॉलॉजी डॉट इन्फो' या पत्त्यावर हलवले. केंब्रिजचा जुना पत्ता आता उघडत नाही. छापलेल्या तळटीपांत तो तसाच आहे आणि तसाच राहणार.

त्याच तळटीपांमध्ये दुसरी एक खूण असते : पर्व, अध्याय, श्लोक. १.१.१ म्हणजे आदिपर्वातला पहिला अध्याय, पहिला श्लोक. संगणकीय संहितेत प्रत्येक ओळीच्या आधी हीच खूण आठ आकड्यांत लिहिलेली आहे. दोन आकडे पर्वाचे, तीन अध्यायाचे, तीन श्लोकाचे, आणि शेवटी ती ओळ श्लोकातली कितवी हे सांगणारे एक अक्षर. सर्व्हर बदलला, डोमेन बदलले, फाइलीचे स्वरूप बदलले, तरी ही खूण घेऊन कोणीही कुठल्याही प्रतीत त्या ओळीपाशी पोहोचतो. एकाच तळटीपेत शेजारी शेजारी बसलेल्या या दोन पत्त्यांपैकी एक दहा-पंधरा वर्षांत निकामी झाला, दुसरा छापील आवृत्तीच्या काळापासून चालतो आहे.

वेबवरचे दुवे अजून चालतात की नाही हे प्रोग्रामकडून तपासून घेण्याची रीत १९९४ पासूनची मानतात. त्या वर्षीचा मुख्य प्रोग्राम आणि त्याचा कर्ता दोन्ही ठाऊक आहेत, त्यांच्याकडे पुढे येईन. पण हा प्रोग्राम जो प्रश्न विचारतो तो फार जुना आहे. 'तुम्ही ज्याचा हवाला दिला आहे ते जागेवर आहे का, आणि तिथे तेच आहे का?' हा प्रश्न पुण्यात शंभराहून अधिक वर्षे रोजच्या कामाचा भाग होता. त्याला दिलेली उत्तरे आजच्या उत्तरांपेक्षा बऱ्याच बाबतींत पक्की होती असे मला वाटते, म्हणून मागोवा तिथून घेतो.

मुंबई सरकारने १८६६ मध्ये संस्कृत हस्तलिखिते गोळा करण्याचे काम सुरू केले. गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, पीटर पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे लोक गुजरात, राजपुताना, काश्मीर, महाराष्ट्र असे हिंडून पोथ्या विकत घेत किंवा नकलून आणत. दरवर्षीच्या पोथ्यांची त्या वर्षाची वेगळी यादी होई आणि पोथीला क्रमांक मिळे तो त्या यादीतला : अमुक क्रमांक, १८७५-७६ चा संग्रह. ब्यूलर यांनी काश्मीरहून आणलेल्या पोथ्या याच वर्षाच्या. हा सारा सरकारी संग्रह बराच काळ डेक्कन कॉलेजात राहिला. १९१७ मध्ये भांडारकर संस्था स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी तो तिच्याकडे आला. इमारत बदलली, कपाटे बदलली, सांभाळणारी संस्था बदलली. पोथीचा क्रमांक मात्र बदलला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या जर्मन लेखात दिलेला क्रमांक आजही भांडारकर संस्थेत सांगितला, तर तीच पोथी समोर येऊ शकते. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या ३० पोथ्यांची २००७ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत नोंद झाली, त्यांची ओळखही याच जुन्या क्रमांकांनी पटते.

क्रमांक कशावरून दिला ते पाहण्यासारखे आहे. तो कपाटावरून दिला नव्हता, इमारतीवरूनही नव्हता. पोथी संग्रहात कधी आली या घटनेवरून दिला होता, आणि घडून गेलेली घटना बदलत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये चांगल्या पत्त्यांविषयी एक छोटे टिपण लिहिले. पत्त्यात विषयाचे नाव, लेखकाचे नाव, फाइलीचा प्रकार घालू नये, कारण ते सगळे बदलते. निर्मितीची तारीख घालावी, असा त्यांचा सल्ला होता. मुंबई इलाख्याच्या पोथ्यांच्या याद्या हे त्या टिपणाच्या सुमारे सव्वाशे वर्षे आधीपासून करत होत्या.

तपासणीची खरी शाळा मात्र महाभारताच्या आवृत्तीत भरली. काम १ एप्रिल १९१९ रोजी सुरू झाले, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले आणि पद्धत ठरली ती त्यांच्या हाताखाली. आखलेल्या मोठ्या कागदावर प्रचलित पाठाचा श्लोक वर लिहायचा, अक्षरागणिक उभे रकाने पाडायचे. खाली एकेका पोथीसाठी एकेक आडवी ओळ. शास्त्री ती पोथी समोर घेऊन बसत आणि जिथे अक्षर वेगळे असेल तिथेच त्या रकान्यात ते भरत. प्रत्येक पोथीला खूण होती : शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा परंपरेचे एक अक्षर आणि त्यापुढे आकडा. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठ जुळवण्याची केंद्रे चालत आणि तिथले कागद पुण्याला येत. भरलेले कागद संपादकाकडे जाण्याआधी पुन्हा पोथीशी ताडून पाहिले जात. अशा १२५९ पोथ्या या कामात पाहिल्या गेल्या. १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण झालेली आवृत्ती प्रकाशित झाली, तेव्हा सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

आता या आवृत्तीचे कुठलेही पान उघडावे. वर थोडे श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाट वीण. त्या विणीतली प्रत्येक खूण म्हणजे एका पोथीकडे बोट. पोथी आहे एवढे सांगून ते बोट थांबत नाही, तिच्यात या ठिकाणी नेमके काय लिहिले आहे तेही तिथल्या तिथे छापलेले आहे. म्हणजे पोथी जळाली, हरवली, वाळवीने खाल्ली, तरी तिचा या जागेपुरता पाठ वाचकाच्या हाती उरतो. हवाला आणि हवाल्यातला मजकूर एकत्र ठेवण्याची ही शिस्त मला या सगळ्या इतिहासातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

पांडुरंग वामन काणे यांनी तीच शिस्त वेगळ्या कारणासाठी पाळली. त्यांचा 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' भांडारकर संस्थेनेच १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या तळटीपा कित्येक पानांवर मुख्य मजकुरापेक्षा जास्त जागा घेतात, कारण काणे नुसते ग्रंथाचे नाव आणि पृष्ठ देऊन थांबत नाहीत. मूळ संस्कृत वचन ते तळटीपेत उतरवतात. ज्याच्या गावात मोठे ग्रंथालय नाही त्या वाचकालाही काण्यांचे विधान जागेवर ताडून पाहता येते. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या तळटीपांतल्या कित्येक आवृत्त्या आता बाजारात मिळत नाहीत. तळटीप मात्र कामाची राहिली आहे.

डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ग्रंथातले स्थळ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला भाग निघाला. कोशकार चिठ्ठीवर विसंबून अर्थ लिहीत नाही, संशय आला की स्थळ काढून ग्रंथ पाहतो. मराठीच्या बाजूला शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' १९४४ मध्ये पुण्यातून काढली. तिचा १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. आज स्पायडर म्हणतात तो प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात जी यादी बनवतो, ती दात्यांनी ग्रंथालयांची कपाटे धुंडाळून माणसाच्या पायांनी बनवली होती.

वेब आले ते या परंपरेचे विस्मरण घेऊन. हे मी तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, त्या विस्मरणामुळेच वेब एवढे पसरले. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये हायपरटेक्स्ट ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनातले दुवे दोन्ही बाजूंनी बांधलेले होते : मी तुमच्याकडे बोट दाखवले की तुम्हालाही ते कळणार, आणि तुमचा मजकूर हलला तर माझा दुवाही त्याच्यासोबत हलणार. ऑस्ट्रियात ग्राझ इथे तयार झालेल्या 'हायपर-जी' या व्यवस्थेतही दुव्यांची नोंद वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असे, म्हणून पान काढले की त्याकडे येणारे दुवे सापडत. बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या संस्थेत जो प्रस्ताव मांडला आणि पुढे जे बांधले, त्यात हे बंधन नव्हते. कोणीही कोणाकडेही न विचारता दुवा द्यावा, पलीकडच्याला ते कळण्याची गरज नाही. परवानगी लागत नाही म्हणून लाखो लोक आले. पलीकडच्याला कळत नाही म्हणून तो पान हलवताना कोणाला सांगू शकत नाही. शिवाय पत्ता कपाटावरून दिला गेला : कुठला संगणक, त्यातला कुठला कप्पा, कुठली फाइल. ब्यूलरच्या यादीने जे टाळले होते तेच इथे नियम झाले.

या उणिवेची जाण वेबच्या नियमांतच दिसते. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलावे हे सांगणाऱ्या एचटीटीपी या नियमावलीत 'गेट' म्हणजे पान दे, ही मुख्य विनंती. तिच्या जोडीला 'हेड' नावाची दुसरी विनंती आहे : पान देऊ नकोस, फक्त वरची माहिती दे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० आवृत्तीत तिचा उपयोगही नोंदवला आहे, दुवे वैध आहेत का, पोहोचता येते का, अलीकडे बदलले आहेत का हे पाहण्यासाठी. त्याच नियमावलीत 'रेफरर' नावाची ओळ आहे, वाचक कुठल्या पानावरून आला ते सर्व्हरला सांगणारी, आणि तिच्याही उपयोगांत चुकलेले आणि जुने झालेले दुवे शोधून काढणे हा एक. नेल्सनच्या दोन बाजूंच्या दुव्याची एवढीच आठवण वेबने ठेवली. १९९७ च्या १.१ आवृत्तीत चारशे दहा क्रमांकाचे उत्तर आले, 'इथे होते, मुद्दाम काढले, तुमचे दुवे काढून टाका'. नुसते 'सापडले नाही' म्हणणाऱ्या चारशे चारपेक्षा ते कितीतरी सभ्य आणि उपयोगी उत्तर आहे, पण सर्व्हर चालवणारे लोक ते क्वचितच देतात.

या नियमावल्यांच्या लेखकांत रॉय फील्डिंग हे नाव आहे, आणि आपल्या मागोव्याला ते हवे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत शिकत असताना फील्डिंग यांनी पर्ल भाषेत 'मॉमस्पायडर' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि मे १९९४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या जागतिक वेब परिषदेत त्यावर निबंध वाचला. पानांच्या मालकाने प्रोग्रामला सुरुवातीचे पान सांगायचे. मॉमस्पायडर तिथले दुवे काढतो, एकेकाला 'हेड' विनंती पाठवतो आणि कुठले तुटले, कुठले हलले, कुठले अलीकडे बदलले याचा अहवाल देतो. त्याच वर्षी मार्टाइन कॉस्टर यांनी अशा फिरत्या प्रोग्रामांसाठी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी'चा संकेत सुचवला, म्हणजे ज्याला आपल्या सर्व्हरवर ते यायला नको असतील त्याने तसे लिहून ठेवावे. तो संकेत लोकांनी आपणहून पाळला, अधिकृत मानक व्हायला मात्र २०२२ उजाडले. मॉमस्पायडरनंतर टिलमन हाउसहेर यांचा 'झेनू', वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमचा लिंक चेकर, पायथनमधला 'लिंकचेकर', अलीकडे रस्ट भाषेतला 'लिची', अशी पिढ्यांची रांग लागली. आज पुष्कळ सॉफ्टवेअर कंपन्यांत दस्तऐवज अद्ययावत करताना रात्री आपोआप दुवे तपासणारी स्क्रिप्ट चालते, आणि तिचा सांगाडा अजूनही फील्डिंगचाच आहे.

असा प्रोग्राम पानाचा मजकूर वाचून त्यातले पत्ते वेगळे काढतो. अर्धे लिहिलेले पत्ते त्या पानाच्या पत्त्याला जोडून पूर्ण करतो. नाव सांगून डोमेनचा आकडी पत्ता मागतो. तो मिळालाच नाही तर डोमेनच गेले, पुढे विचारण्यात अर्थ नाही. मिळाला तर 'हेड'. दोनशे आले तर ठीक, तीनशे एक किंवा तीनशे आठ आले तर कायमचे स्थलांतर. अशा वेळी नवा पत्ता टिपून जुना दुवा सुधारावा, कारण आज लावलेली पाटी उद्या निघू शकते. 'हेड' न मानणारे सर्व्हर असतात, त्यांना 'गेट' पाठवून पुन्हा विचारावे लागते. चारशे एकोणतीस म्हणजे तुम्ही फार घाई करत आहात. हे दुवा मेल्याचे लक्षण नाही, आपण थांबायला हवे याचे आहे. चारशे तीनही फसवे, पुष्कळ ठिकाणी ते फक्त प्रोग्रामला मिळते आणि माणसाला पान दिसते. पत्त्याच्या शेवटी हॅशच्या खुणेनंतर पानातल्या विशिष्ट परिच्छेदाचे नाव असते, ते तर सर्व्हरकडे जातच नाही. तो परिच्छेद पानात उरला आहे का हे पाहायचे तर पूर्ण पान आणून वाचावे लागते. 'हेड' म्हणजे बंद दारावर टकटक करून आतून 'हो' येते का ते ऐकणे. आत कोण राहतो हे त्यातून कळत नाही.

ही उणीव २००४ च्या सुमारास चांगलीच ध्यानात आली. झिव्ह बार-योसेफ, आंद्रेई ब्रोडर, रवी कुमार आणि अँड्र्यू टॉमकिन्स यांनी वेबच्या झिजेवर निबंध लिहिला. पान नसतानाही सर्व्हर 'दोनशे, सगळे ठीक' म्हणतो आणि 'क्षमस्व, हे पान सापडले नाही' असे लिहिलेला कागद देतो, हा प्रकार त्यांना फार आढळला. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला आवडते : त्याच सर्व्हरकडे असणेच शक्य नाही असा एक अर्थहीन पत्ता मागावा. त्यालाही 'ठीक' असे उत्तर आले, तर हा सर्व्हर खरे सांगत नाही हे उघड होते, आणि दोन्ही उत्तरांचा मजकूर ताडला की खरे पान आणि खोटे पान वेगळे करता येते. संपादकाने संशयास्पद पोथीची अशीच परीक्षा घ्यावी. पण या युक्तीनेही डोमेन दुसऱ्या कोणी विकत घेऊन तिथे वेगळाच मजकूर ठेवला असेल तर पकडता येत नाही. दुवा चालतो, पान भरलेले आहे, आणि त्याचा आपल्या विधानाशी काही संबंध नाही.

मराठी पानांचे दुवे तपासताना यापुढे आणखी अडचणी येतात, आणि त्या तयार साधनांच्या लेखकांच्या ध्यानात सहसा नसतात. वेबच्या पत्त्यात देवनागरी थेट जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन अक्षरे अशा तीन चिन्हांत लिहिला जातो. मराठी विकिपीडियावरच्या 'पुणे' या लेखाच्या पत्त्यात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे शीर्षकापुरती ३६ चिन्हे. अशी लांबलचक ओळ ईमेलमध्ये किंवा छापताना मध्येच तुटते आणि तुटलेला अर्धा भाग दुवा म्हणून पुढे जातो. पत्ता देवनागरीतच लिहिलेला असेल तर दुसरा घोळ. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये 'शब्दातले अक्षर' ही जी खूण आहे तिच्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार बसत नाहीत. त्या खुणेवर विसंबून पत्ते वेचणारी स्क्रिप्ट 'पुणे'मधला 'प' घेते, उकारापाशी थांबते आणि दुवा मेलेला आहे असा अहवाल देते. मेलेला काही नसतो, स्क्रिप्टला मराठी येत नसते.

तिसरी अडचण सूक्ष्म आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्याआधी ते 'अ', अदृश्य जोडखूण आणि अर्धचंद्र यांनी बनवत. 'दऱ्या'मधला आडवा रफारही दोन तऱ्हांनी टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, बाइट वेगळे असतात, आणि सर्व्हर बाइट पाहतो. एका पद्धतीने लिहिलेला दुवा दुसऱ्या पद्धतीने नाव दिलेल्या पानापर्यंत पोहोचत नाही. युनिकोडने सारखी अक्षरे एकरूप करण्याचे नियम दिले आहेत, पण त्या जोडखुणेपर्यंत ते जात नाहीत. म्हणून मराठीसाठी दुवे तपासणाऱ्याने चारशे चार आले की थांबू नये, शीर्षकाची दुसरी लेखनपद्धत करून पुन्हा विचारावे. पाठभेद टिपणाऱ्या शास्त्र्यांना हे सांगावे लागले नसते. शिवाय काही सरकारी संकेतस्थळे भारताबाहेरून आलेल्या विनंत्यांना उत्तरच देत नाहीत. तपासणारा प्रोग्राम अमेरिकेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालत असेल, तर औंधमधल्या घरात नीट उघडणारे पान तो मृत ठरवतो. कुठून विचारले हेही उत्तरासोबत नोंदवायला हवे.

दुरून पान मागण्याच्या या प्रश्नाला पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत वेगळे उत्तर मिळाले होते. खगोलशास्त्राचे निबंध शोधण्याची नासाची एडीएस ही व्यवस्था १९९० च्या दशकात वेबवर आली. भारतातून अमेरिकेशी जोडणी संथ असल्याच्या त्या काळात तिचा एक आरसा, म्हणजे संपूर्ण प्रत, आयुकाच्या सर्व्हरवर, अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातल्या पत्त्यावर असे. २०१९ मध्ये एडीएसचे जुने रूप बंद झाले, आरशांचे दिवस संपले. आयुकाचेही मुख्य डोमेन अर्नेटवरून बदलले. पण खगोलशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारासच निबंधाला १९ अक्षरांची एक खूण द्यायला सुरुवात केली होती : वर्ष, नियतकालिकाचा संक्षेप, खंड, पृष्ठ, लेखकाच्या आडनावाचे पहिले अक्षर. पुण्याच्या आरशाचा जुना दुवा हाती आला तरी त्यातली ही १९ अक्षरे उचलून आजच्या एडीएसमध्ये टाकली की निबंध मिळतो. महाभारताच्या आठ आकड्यांचे हे सख्खे भावंड. याच शास्त्रज्ञांनी निबंधांतून दिलेल्या इतर दुव्यांची गत पाहिली की फरक कळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००१ च्या अमेरिकी खगोलशास्त्रीय निबंधांतले माहितीसाठ्यांकडे नेणारे ४४ टक्के दुवे २०११ पर्यंत तुटले होते. वेबच्या एकूण पानांचा हिशोब प्यू या संस्थेने २०२४ मध्ये दिला : २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

तपासणारा प्रोग्राम या झिजेची नोंद करतो, ती थांबवत नाही. थांबवायची तर प्रत ठेवावी लागते. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह सुरू केले, २००१ मध्ये त्याचे 'वेबॅक मशीन' सर्वांसाठी खुले झाले, आणि विकिपीडियावर फिरणारा इंटरनेट आर्काइव्हचा बॉट आता मृत दुव्याशेजारी जुन्या पानाची प्रत लावतो. हा बॉट एका तपासणीवर निर्णय देत नाही. काही दिवसांच्या अंतराने सलग तीनदा पान मिळाले नाही, तरच दुवा मृत मानतो. टॉम फेल्प्स आणि रॉबर्ट विलेन्स्की यांनी २००० मध्ये आणखी एक मार्ग सुचवला होता : दुव्यासोबत त्या पानाची ओळख पटवणारे मोजके दुर्मीळ शब्द लिहून ठेवावेत, पत्ता मेला की ते शब्द शोधून पान नव्या जागी गाठावे. तो फारसा रूढ झाला नाही. काण्यांच्या तळटीपा मात्र नेमके हेच काम करतात, शब्दांऐवजी पूर्ण वचन देऊन.

प्रत असण्याचे मोल पुण्याला ५ जानेवारी २००४ रोजी कळले. त्या दिवशी जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला करून ग्रंथ, पोथ्या आणि सामानाची नासधूस केली. महाभारताची संगणकीय संहिता त्या वेळी केंब्रिजमध्येही होती, क्योटोतही होती. जाणारी गोष्ट कुठल्या दिशेने जाईल हे आधी सांगता येत नाही. कधी केंब्रिजचा पत्ता मरतो आणि पुण्याची छापील आवृत्ती उरते, कधी घाला पुण्यावर येतो.

मराठीतले एक मोठे काम या दृष्टीने लगेच हाती घेण्यासारखे आहे. मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांतल्या नोंदी आधी 'मराठीविश्वकोश डॉट इन' या पत्त्यावर होत्या, नंतर त्या राज्य सरकारच्या 'विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन' या पत्त्यावर आल्या. विकिपीडियाच्या लेखांत आणि प्रबंधांत पहिल्या पत्त्याचे दुवे आहेत. नुसता तपासणारा प्रोग्राम चालवला तर तो तुटलेल्या दुव्यांची लांब यादी देईल आणि कोणीतरी ते संदर्भच काढून टाकेल, जे सर्वात वाईट. विश्वकोशाची नोंद मुळात खंडाचा क्रमांक आणि शीर्षक यांनी ओळखली जाते, आणि जुन्या दुव्याच्या शेजारी हे शीर्षक बहुधा लिहिलेले असते. ते उचलायचे, 'ॲ' आणि आडव्या रफाराची दोन्ही रूपे करायची, नव्या जागी शोधायचे, सापडलेल्या नोंदीचा पहिला परिच्छेद आणि संदर्भ देणाऱ्याचे विधान माणसाने शेजारी ठेवून वाचायचे, मगच दुवा बदलायचा, आणि त्यासोबत खंड क्रमांक व पाहिल्याची तारीख लिहायची. यातले शोधण्याचे काम स्क्रिप्ट एका रात्रीत करू शकेल. वाचण्याच्या कामाला संपादकांना काही महिने लागतील.